दाभणआत्यानं शिवलेला वार

आत्या माणसाच्या तोंडाकडं बघत नसे. दारात कुणीही आलं की ती आधी त्याची बाही धरायची, कापड अंगठा आणि दोन बोटांत घेऊन चोळायची, आणि मगच याच्याशी काय बोलायचं ते ठरवायची. माझ्या लग्नात तिनं माझ्या सासऱ्यांचा कोट असाच चोळला आणि भर मांडवात म्हणाली, "वरनं बरा हाय. अस्तर बदलाय पायजे." सासऱ्यांनी तो कोट पुन्हा घातला नाही. बायको मात्र ते वाक्य जपून आहे आणि माझ्यासाठी वापरते.

तिच्या अंबाड्यात कायम एक दाभण खोचलेलं असे, पोती शिवायची ती जाड सुई. म्हणून ती दाभणआत्या. पायातला काटा त्याच दाभणानं निघायचा, पोत्याचं तोंडही त्यानंच शिवलं जायचं, आणि पंक्तीत कुणी उगाच मोठेपणा सांगू लागला की ती ते उपसून दात कोरत बसायची. सांगणारा आपोआप थांबे. मी तर बऱ्याचदा थांबलो आहे.

ती वाकळा शिवायची. जुन्या लुगड्याधोतरांचे थर एकावर एक घालून, बारीक टाक्यांनी. कडेगावापासून कुंडलपर्यंतची माणसं गाठोडी आणून टाकायची. नवं कापड तिला चालत नसे. कुणी हौसेनं तागा आणला तर परत पाठवी. म्हणे, "पन्नास धुणी झालेलं आण. कोऱ्या कापडाला माणूस ठावं नसतोय."

आता माझं सांगतो. मी सांगलीत पाटबंधाऱ्याच्या कचेरीत आवक-जावक बघतो. म्हणजे माझ्या शौर्याला वाव फक्त घरच्या कार्यात. लग्न, बारसं, साठीशांत, काही असो, माईक माझ्याकडं असतो. आणि माईक आला की रायाजीबाबाची गोष्ट येते. रायाजीबाबा आमचा मूळपुरुष. नदीच्या उतारावर शत्रूनं सरदारावर तलवार उगारली, बाबा मधी पडला, वार छातीवर घेतला आणि तिथंच गेला. त्याच्या अंगातलं चिलखत घोड्यावर घालून घरी आलं. चिलखत म्हटलं की तुम्हाला लोखंडी कड्या दिसतील. लोखंड सरदाराला. आमच्या बाबाचं चिलखत सुताचं, थरावर थर घालून शिवलेलं, आणि घरात त्याला नुसतं बंडी म्हणत. लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवलेली. दसऱ्याला गाठोड्यावर हळदकुंकू पडे, पण गाठ सोडायची नाही असा दंडक.

या गोष्टीनं आमच्या घरात पुष्कळ माणसं सरळ केली. परीक्षेत नापास झालेला, शेताच्या बांधावर माघार घेतलेला, भरतीत पळता पळता बसलेला, सगळ्यांना रायाजीबाबाची छाती दाखवली जाई. आत्याच्या नवऱ्यालाही दाखवली गेली. ती गोष्ट मी माईकवर कधी सांगितलेली नाही.

आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. हे मामा सैन्यात होते. एका थंडीत ते रजा न घेता सरहद्दीवरून घरी आले. आठ दिवसांनी आपल्या पायानं परत गेले, शिक्षा भोगली, पलटणीतून नाव कमी झालं. माझे आजोबा म्हणजे आत्याचे वडील. सगळे त्यांना आबा म्हणत. स्वतः पेन्शनर हवालदार. ते तिच्या सासरी गेले आणि बावीस वर्षांच्या लेकीला घेऊन आले. म्हणाले, छातीवर वार घेणाऱ्याच्या घरातली पोर पळपुट्याची चूल पेटवणार नाही. मामा दोनदा तिला न्यायला आले. दुसऱ्या वेळी आबांनी देवघरातून बंडीचं गाठोडं आणवलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "ही वलांडून आत ये." मामा परत फिरले. पुढं विट्याच्या कुणाबरोबर लांब कुठल्यातरी शहरात सोनं गाळायच्या दुकानात कामाला लागले, आणि तिकडंच वारले. निरोप आला तेव्हा आत्या एका वाकळेला कड घालत होती. तिनं ती कड पुरी केली. मग उठून पेटीतला त्यांचा शेवाळी रंगाचा मिलिटरीचा शर्ट काढला, धुतला, वाळवला आणि घडी करून परत ठेवला. आम्हा पोरांना सांगण्यात आलं, मामा मिलिटरीत वारले.

चार वर्षांपूर्वी भावकीनं ठरवलं, गावाच्या तोंडाला रायाजीबाबाच्या नावानं सभागृह बांधायचं. पुढाकार माझ्या थोरल्या चुलतभावाचा. तो सुभेदार होऊन निवृत्त झालेला, आम्ही त्याला दादा म्हणतो. ग्रॅनाइटची पाटी आधीच कोरून आली: छातीवर वार झेलून धारातीर्थी पडले. मजकूर अर्थात माझा. काचेच्या कपाटात बंडी ठेवायची म्हणून गाठोडं उचललं, तर खालून भुसा गळला. कसर लागली होती. दादा म्हणाला, साताऱ्यात मिरवणुकीसाठी फायबरची चिलखतं मिळतात, चकाचक, एक आणू. मी म्हणालो, "आत्या आहे की. ती हुबेहूब करील." माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सूचनांची यादी लहान आहे. ही त्यात धरावी की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आत्यानं गाठ सोडली. पंच्याहत्तरीची बाई, हाताशी वेळ थोडा, पण महिनाभर तिनं शिवायला हातच लावला नाही. बंडी बाजेवर पसरून नुसती बोटं फिरवत बसायची. कडेवरून थर मोजले, सोळा. वास घेऊन म्हणाली, "चिचुक्याची खळ हाय." म्हणजे चिंचोके भाजून, भिजवून, कुटून शिजवलेली लापशी, धनगर घोंगड्यांना लावतात ती. मग तिनं भावकीतल्या प्रत्येक घरातून एकेक जुनं कापड मागवलं. दोन थरांत खळ लावायची, जात्याच्या तळीखाली दाबायचं, उन्हात वाळवायचं, मग पुढचा थर. मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्यानं टाके. अंगणात महिनाभर चिंचोक्याचा वास आणि माश्या.

पहिला सोळा थरांचा तुकडा झाला तेव्हा तिनं तो कोंड्याच्या पोत्याला बांधला, माझ्या हातात ऊसतोडीचा कोयता दिला आणि म्हणाली, "हाण." मी शर्टाच्या बाह्या सारून हाणला. कोयता दोन थर जाऊन अडकला, माझा खांदा उखडला आणि पोतं जागचं हललं नाही. आत्या तुकडा बघत म्हणाली, "कापड चांगलं झालंय. पर तुझ्यावरनं काय कळंना. तू लढाईत असतास तर दोन्हीकडची माणसं घरी गेली असती." पुढं आठ दिवस मी कचेरीत डाव्या हातानं शिक्के मारले.

मग एका रविवारी तिनं मला बोलावून घेतलं. जुन्या बंडीचं अस्तर उसवून ती बसली होती.

"छाती बघ," म्हणाली.

मी बघितली. कसरीची भोकं होती. वार नव्हता. एक खरचटासुद्धा नाही.

"आता पाठ बघ."

डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी चीर. आतल्या थरांवर तपकिरी डाग. आणि ती चीर काळ्या दोऱ्यानं, आडव्या टाक्यांनी, एकसारखी शिवून काढलेली.

"म्हंजे बाबा..." मी चिरेवर बोट ठेवलं.

"वाचला," आत्या म्हणाली. तिचा आवाज मी तेवढा हलका कधी ऐकला नव्हता. "घरी आला त्यो. मेलेल्याचं शिवत कोण बसतंय? आन हितं बघ, टाक्यांवरनं पट्टा घासलाय. शिवल्यावर पुन्यांदा घातलीया त्येनं. आन ह्या बाईचं टाकं बघ. घाईत नव्हती. नवरा घरात निजला हुता तिचा."

माझी तीस वर्षांची गोष्ट त्या बाजेवर उसवून पडली होती. आणि मला, खरं सांगतो, आधी मामा आठवले नाहीत. ग्रॅनाइटची पाटी आठवली.

दादा आला. त्यानं बंडी उलटीपालटी करून बघितली आणि सरळ मुद्द्यावर आला. "आत्या, तू फकस्त म्होरनं एक चीर दे. मागचं भिंतीकडं जाईल. कोण बघतंय?"

"मी फाडत न्हाई. शिवती."

"पाठीवर वार म्हंजे काय, तुला सांगाय पायजे व्हय?"

"नगं. माणसाला पाठ असती, दादा. तुज्या पलटणीत नसंल."

दादा मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, बाई म्हातारी झालीय. मी मान हलवली. आत येऊन आत्यापुढंही मान हलवली. माझी मान कुणाला नाही म्हणत नाही.

वर्षभरानं नवी बंडी तयार झाली. जुन्या बंडीसारखीच. पाठीवरची चीरही थर घालतानाच सोडलेली, आणि तिच्यावर काळे टाके. आत्यानं ती माझ्या हातात दिली. "ह्येच्यापायी माज्या नवऱ्याला उंबऱ्यावरनं फिरीवलं," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर तिनं हे प्रथमच काढलं. "माईक तुज्या हातात असतुया, बाळ्या. येकडाव जसं हाय तसं सांग. भावकीला ऐकू दे. माजं दुसरं काय मागनं न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो. मी शब्द पटकन देतो. माझ्याकडं साठा मोठा आहे.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी दादानं सभागृहाचं दार आतून लावलं आणि कोयता माझ्यापुढं धरला. "पाटी बदलायला आता वेळ न्हाई. उद्या उद्घाटनाला साताऱ्यासनं पाव्हणं येत्याती. तुज्याच शब्दांची पाटी हाय. कर काय ती चीर." मी तीनदा हाणला. आत्याचं काम. बंडी कोयत्याला दाद देईना. मग दादानं कागद कापायचं पातं आणून दिलं, आणि मी खाली बसून एकेक थर कापत गेलो. आईच्या हिरव्या लुगड्याचा थर आला. आबांच्या धोतराचा आला. धाकट्या काकांचा लेंगा, कुणाची तरी ओढणी. पंधरा झाले. सोळावा, अंगाला लागणारा, शेवाळी होता. आमच्या घरात मिलिटरीच्या कपड्यांना तोटा नाही, पण हा धुऊन धुऊन पातळ झालेला होता आणि त्याच्यावर खिशाची जुनी शिवण होती. मी पातं धरून थांबलो. दादा म्हणाला, "झालं का?" मी म्हणालो, "झालंच." आणि तोही कापला.

दुसऱ्या दिवशी मी गोष्ट सांगितली. जुनीच. नदी, सरदार, तलवार, छाती. माझा आवाज लागला होता. साताऱ्याच्या पाहुण्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. आत्या बायकांत पुढं बसली होती. कार्यक्रम संपल्यावर ती कपाटासमोर जाऊन उभी राहिली, मग माझ्याकडं आली. मी सवयीनं हात पुढं केला. तिनं बाही धरली नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. आत्याचे डोळे घारे आहेत हे मला एकावन्नाव्या वर्षी कळलं. मग ती घरी गेली.

तिसऱ्या दिवशी तिनं दादाकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. धूळ पुसणार असेल असं त्याला वाटलं. तिनं बंडी काढली, फरशीवर मांडी घातली आणि मी पाडलेली चीर शिवून काढली. काळा दोरा, आडवे टाके, जसे पाठीवर तसे. दादा चिडला, पण उसवायला गेलं तर कापड जाईल म्हणून त्यानं ते तसंच ठेवलं. लांबून दिसत नाही, म्हणाला. मी तिला विचारलं, असं का केलंस. ती दुसऱ्याच कुणाच्या तरी वाकळेत सुई घालत म्हणाली, "फाटकं बघवत न्हाई. आन शिवलं म्हंजे घरी आला." त्यानंतर ती माझ्याशी बोलली, पण तेवढ्यापुरतं. चहा घेतोस का. बस मिळंल का. माझी बाही तिनं परत धरली नाही.

जुनी बंडी दादानं कृष्णेत सोडली. जीर्ण वस्तू घरात ठेवू नये म्हणाला. आत्या गेल्या माघात गेली. तिचं दाभण कुणाकडं आहे, मला माहीत नाही. मागायला तोंड नव्हतं.

दसऱ्याला मी अजून त्या कपाटाशेजारी माईक घेऊन उभा राहतो. एका बाजूला ग्रॅनाइटवर माझेच शब्द, दुसऱ्या बाजूला छातीवर तिचे टाके. 'बाबा तिथंच पडला' या वाक्यानंतर मी जरा थांबतो. लोकांना ती माझी शैली वाटते. मी वाट बघत असतो, कुणीतरी विचारील, पडला तर मग हे शिवलं कुणी. विचारलं की सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं आहे. आपण होऊन सांगायची माझी छाती नाही.

परवाच्या दसऱ्याला कुंडलची एक बाई काचेला नाक लावून बराच वेळ वाकून बघत होती. मी माईक तोंडाजवळ नेला. शेवटी ती सरळ झाली आणि बरोबरच्या बाईला म्हणाली, "टाकं किती सारखं हायती गं." मग दोघी जिलबीच्या रांगेत गेल्या. मागून पुढची माणसं आली, आणि मी गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.