ब्रेक लागतोय

लोहगडच्या रस्त्याला, चढ सुरू व्हायच्या आधी, गोरखचं गॅरेज आहे. तिथं फक्त ब्रेकचं काम होतं. इंजिनाला तो हात लावत नाही. "बंद पडली तर गाडी हुबी ऱ्हाती, मास्तर. पन थांबलीच न्हाई तर?" असं विचारून तो समोरच्याचा चहा गार करतो. गाव त्याला हसतं, भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतं. मीही हसायचो. तरी लोणावळ्याहून माझी जुनी गाडी त्याच्याकडेच न्यायचो, कारण घाबरट माणसानं तपासलेल्या ब्रेकवर माझा जास्त भरवसा.

त्याची तपासणी बघण्यासारखी. पॅडल भुसभुशीत दबलं, की नळीत हवा. करकर वाजलं, की लायनर संपले. ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढली, की दोन्हीकडचे ब्रेक सारखे नाहीत. शेवटी एक चक्कर मारून आणायची आणि प्रत्येक चाकाजवळ पालथा हात धरायचा, लेकराचा ताप बघतात तसा.

त्या मंगळवारी सकाळी तो माझ्या गाडीखाली होता, हात तेलानं माखलेले. बाकावर त्याचा फोन वाजला. "मास्तर, घ्या जरा," तो खालूनच म्हणाला.

फोन लोहगडवाडीच्या नवसूचा होता. तो जीपमधून माणसं वर-खाली नेतो. गोरखची बायको शालन वाडीत पिठलं-भाकरी विकते. वडगावच्या बाजाराला जायला ती त्याच्या जीपमध्ये बसली होती. जरा जरी शंका आली तरी आपल्याला विचारल्याशिवाय घाट उतरायचा नाही, असा गोरखनं नवसूला दम दिलेला.

"मास्तर, गोरखभाऊला सांगा, ब्रेक लागतोय," नवसू म्हणाला.

"लागतोय ना? मग या की सावकाश," म्हणून मी फोन ठेवला. एकतीस वर्षं मराठी शिकवली आहे मी.

"काय म्हनला?" खालून आवाज आला.

"काही नाही. ब्रेक लागतोय म्हणाला. या म्हटलं."

पान्ह्याची खटखट थांबली. गोरख सरपटत बाहेर आला. "लागतो म्हनला का लागतोय?"

"लागतोय. एकच की ते."

"एक न्हाई, मास्तर! पाय न ठेवता लागतोय, आसं म्हनला त्यो. चाक धरलंय ब्रेकनं."

मग त्यानं धापा टाकत सांगितलं. चिकटून राहिलेला ब्रेक घासून घासून तापतो. उतारावर ड्रायव्हर वरून आणखी दाबतो. आतलं ऑइल उकळलं, की पॅडल तळाला जातं आणि मग ब्रेक उरतच नाही. नवसूचा फोन आता लागत नव्हता.

मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. प्रत्येक वळणावर दरीकडे बघायचो आणि लगेच डोळे मिटायचो. गोरख एकच बोलत होता, "पुढं बसली आसंल. तिला पुढंच बसायचं आसतं." पाच वळणं झाली, सहा झाली, जीप दिसेना. एके ठिकाणी कठडा ढासळलेला होता. गोरखनं गाडी थांबवून खाली वाकून पाहिलं. माझी हिंमत झाली नाही. "जुनाच ढासळलेला हाय," एवढंच तो म्हणाला.

जीप पुढच्या वळणावर होती, डोंगराच्या अंगाला घातलेली, चाकांखाली दगड. पुढच्या एका चाकातून धूर येत होता. नवसू त्यावर बाटलीतलं पाणी ओतायला निघाला, तसा गोरख ओरडला, "पानी नको! तापलेलं लोखंड तडकंल!" शालन कडेला बसली होती. तिनं एक धोंडा अजून घट्ट धरला होता.

"जळका वास आला," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या कापडांना येतो त्योच. म्या म्हनलं, नवसू, गाडी डोंगराला घाल. तर ह्यो म्हनतो, मास्तरांनी या म्हनलंय. म्या म्हनलं, मास्तरांच्या कापडांना येतो का ह्यो वास?"

"शेवटाला पॅडल खालीच गेलं, भाऊ," नवसू जमिनीकडे बघत म्हणाला.

गोरखनं शालनच्या शेजारी बसून तिच्या हातातला धोंडा सोडवून घेतला. मी माफी मागायला पुढे गेलो, तर त्यानं मान वर केली. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुमची गाडी नीट करून दीन, मास्तर," तो म्हणाला. "पन माजा फोन परत उचलू नका."