ब्लेडने खरवडलेल्या ग्रीक खुणा

मिल बंद झाली तेव्हापासून आमच्या घरात कुणालाच चैन पडत नव्हती. आमचे हे तिथे कापडावरचे डाग तपासायचे. आता सकाळपासून छत्रीबागेच्या गल्लीत येरझारा घालायचे. मला मराठी टायपिंग येत होतं. कम्प्युटर मी मल्हारगंजातल्या छपाईच्या दुकानात बघून-बघून शिकले आणि तिथेच लागले. घर तेवढ्यावरच चालायचं. रोज निघताना हे म्हणायचे, "तुझं तरी टिकू दे."

दुकानात पानं आधी ट्रेसिंग पेपरवर निघायची, मग छपाईची प्लेट बनवायला बाहेर जायची. प्रिंटर जुना झालेला, कागदावर काळे ठिपके उडवायचा. ते ब्लेडच्या टोकाने खरवडणं माझं काम. कागद उजेडात तिरका धरला की डाग आपणहून दिसतो, हे मला यांनीच शिकवलेलं.

तेव्हा एक मॅडम त्यांचं पुस्तक घेऊन आल्या. कॉलेजात संस्कृत शिकवायच्या, ग्रीक मात्र माझ्या कम्प्युटरसारखीच, आपली आपण शिकलेल्या. पुस्तक मराठीत, मधेमधे ग्रीक वाक्यं. आमच्याकडे ग्रीक म्हणजे गणितातले अल्फा-बीटा, बस. त्या अक्षरांवर बारीक खुणा असतात, त्यांच्या जागी नुसते चौकोन उमटायचे. म्हणून भियाने, म्हणजे दुकानाच्या मालकाने, खुणा गाळूनच अर्धं पुस्तक लावलं. मॅडम रोज येऊन खुर्चीच्या टोकावर बसायच्या. म्हणायच्या, "पंधरा वर्षं घातलीत मी ह्यात. खुणा नसल्या तर जाणकार माणूस पहिल्याच पानाला पुस्तक मिटेल."

शेवटी त्यांनीच सायबर कॅफेतून फ्लॉपीवर एक फॉन्ट आणला. परदेशातल्या कुणा अभ्यासकांनी बनवून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला. वापरा, हवा तर सुधारा.

भिया हसला. "मॅडमजी, फोकट का माल है, भरोसा मत करना."

पण लावला त्याने. त्या दिवशी मी यांच्यासोबत मिलच्या गेटवर कामगारांच्या सभेला गेले होते. खुणा आता उमटतात हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रेसिंगचा गठ्ठा समोर आला. ग्रीक ओळींवर ठिपकेच ठिपके. आज तर प्रिंटरने हद्दच केली, असं पुटपुटत मी दुपारपर्यंत चौतीस पानं साफ केली.

चार वाजता मॅडम तपासायला आल्या. दोन पानं उलटली आणि थांबल्या. "कुठे खूण आहे, कुठे अर्धी, कुठे नाहीच."

"बोला था ना," भिया म्हणाला. "हटाओ इसको. जुन्या फॉन्टनेच काढू. प्लेटवाला सकाळी वाट बघणार."

मॅडमनी पानं गठ्ठ्यावर परत ठेवली. मग म्हणाल्या, "काढा. खुणा नकोत मग."

माझी नजर स्क्रीनवर गेली. तिथे प्रत्येक खूण जागच्या जागी. एक पान उजेडात तिरकं धरलं, तर अक्षरांच्या डोक्यावर माझ्याच ब्लेडचे ओरखडे चमकत होते. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. उठून पाणी प्यायले, परत बसले, परत उठले.

"भिया, फॉन्ट चांगला आहे," मी म्हटलं. "खुणा मीच खरवडल्यात. मला घाण वाटली."

भिया बघतच राहिला. "काकी, तुमने तो पूरे ग्रीस में झाडू मार दी."

मॅडम हसल्या नाहीत. ते पान माझ्या हातातून घेऊन त्यांनी ओरखड्यांवर बोट फिरवलं. "म्हणजे होत्या," म्हणाल्या. "सगळ्या होत्या. भिया, पुन्हा काढा."

पानं पुन्हा निघाली, ठिपके पुन्हा उडाले. ते खरवडणार मीच. मॅडम खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि पेन्सिलीने दाखवत गेल्या: हा डाग, ही खूण, हा डाग. माझा हात जरा घाईला आला की मनगट धरायच्या. आठ वाजेपर्यंत चाललं.

भियाने उद्या येऊ नका म्हटलं नाही, आणि या असंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तासभर आधीच जाऊन बंद शटरसमोर उभी राहिले.