दर्यापूरहून आणलेलं बोरीचं लाकूड

यंदाच्या जानेवारीतला एक रविवार. लाकडाची किंमत शून्य रुपये. घरात हजर तिघं: मी, बायको आणि नववीतली मुलगी.

मुलीच्या काचेच्या टाकीत मासे सोडण्याआधी एक लाकूड ठेवायचं होतं. दुकानात त्याचे बाराशे सांगितले. आदल्या आठवड्यात मी मेहुण्याच्या शेतावर, दर्यापूरकडे गेलो होतो. तिथं विहिरीजवळ बोरीचं एक वाकडं, दोन फाटे फुटलेलं लाकूड पडलं होतं. साल पूर्ण गेलेली, कुठं कीड नाही, हाताला गुळगुळीत. टाकीसाठी सोलून, घासून जसं करावं लागतं तसं ते आधीच झालेलं. कुणाला न विचारता मी ते पिशवीत टाकलं आणि अकोल्याला आणलं.

असं लाकूड नुसतं धुऊन चालत नाही. उकळावं लागतं, म्हणजे त्यातला रंग उतरतो आणि पाणी मुरून ते तळाशी बसतं. मी ते मोठ्या पातेल्यात घालून गॅसवर चढवलं. थंडीमुळे खिडकी बंद होती. बाजूच्याच शेगडीवर बायको भाकरी टाकत होती.

"मासोयांसाठी काढा करून राहिले काय?" ती म्हणाली.

"पाणी चहासारखं झालं की फेकायचं आणि नवं घालायचं."

"फेकता काहून? मेहमानाले द्या."

वास उग्र होता. लाकडाचाच असेल असं समजून मी पुढच्या खोलीत टाकीचं माप घेत बसलो. मुलीनं पातेल्याचा फोटो मामाला पाठवला. लगेच त्याचा फोन आला. आधी तो हसला.

"भाऊजी, हे कुठून उचललं? फवारणीची दवाई ढवळायचं लाकूड हाय ना ते!" मग हसणं थांबलं. "उकळून राहिले? ताई कुठी हाय?"

ताई स्वयंपाकघरात खाली बसली होती, कपाळ धरून. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, तिला अंगणात आणलं.

"डोकं भणभणून राहिलं," ती म्हणाली. "मळमळते."

फवारणीत विषबाधा झालेला माणूस कसा दिसतो हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मी तिची नाडी मोजायला घेतली. दर वेळी आकडा चुकला. नोकरीत आयुष्यभर बेरजा केल्या, त्या दिवशी मला वीसपर्यंत मोजता आलं नाही.

मुलीनं रिक्षा आणली. मेहुणा फोनवर ओरडत होता, "लाकूड चुलीत घालू नका भाऊजी, धूर बी तसाच!" मुलीला शेजारी ठेवून आम्ही दवाखान्याकडे निघालो. मोर्णा नदीच्या पुलावर मी बायकोसमोर बोटं धरली. "किती?"

"दोन. आन डोळ्यात घालू नका."

डॉक्टरांनी विचारलं, औषध कोणतं? मला माहीत नव्हतं. मेहुणा शेतातल्या खोपटात शिरून रिकाम्या बाटल्यांवरची नावं फोनवर वाचू लागला. किती हंगामांच्या बाटल्या होत्या कोण जाणे. डॉक्टर प्रत्येक नाव लिहून घेत होते. मग त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, रक्त घेतलं, कपडे बदलायला आणि साबणानं हातपाय धुवायला लावलं. मला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबा. घाम सुटला, लाळ गळायला लागली, बाहुल्या बारीक झाल्या, तर लगेच सांगा."

मी समोर बसून तिच्या डोळ्यांतच पाहत राहिलो. थोड्या वेळानं बाहुल्या खरंच बारीक झाल्या. मी धावत नर्सला आणलं. तिनं पाहिलं आणि पडदा ओढला.

"काका, तोंडावर ऊन आलं तर त्या बारीकच होतात."

तरी मी तिला आणखी दोनदा बोलावलं. मुलगी पोरकी होईल, मेहुण्याला काय तोंड दाखवू, असलं काहीबाही डोक्यात येत होतं. बायको झोपली की श्वास चालतो आहे का ते बघायला मी तिला उठवायचो.

"मरू नाई तं निदान झोपू तरी द्या," ती म्हणाली.

दिवस कलायच्या सुमारास डॉक्टर पुन्हा आले. अहवाल ठीक होता. वाफ लागून डोकं चढलं होतं, विष अंगात भिनलं नव्हतं. त्यांनी घरी न्यायला सांगितलं. उठताना मी तिला हात द्यायला गेलो. तिनंच माझा दंड धरला.

बिल तीन हजार आठशेचं आलं. ते तिनं माझ्या हातातून घेतलं आणि ती पैसे भरायच्या खिडकीवर गेली. "खोलीचं भाडं दिवसभराचं लावलं तुमी. आमी दुपारी आलो." पाच मिनिटं ती भांडली. आवाज खणखणीत होता; मी मागं उभा राहून तो ऐकत होतो, आणि एकदाही तिला गप्प बस म्हणालो नाही. सहाशे कमी झाले. उरलेले तीन हजार दोनशे मी खिडकीवरच्या बाईंना दिले.