हुंगलेली पाटी

हारवाल्याकडे निशिगंधाचा वास आला, की मला मखमलाबादचा आमचा मळा आठवतो. देवळात जाणारं फूल हुंगायचं नाही, हा माझ्या वडिलांचा, अण्णांचा नियम. सत्त्याण्णव साली मी तेरा वर्षांची होते.

"हुंगलं तर कोणाला कळणार?" मी विचारलं.

"आपल्याला कळतं ना!"

मी चिडून भरल्या पाटीत तोंडच खुपसलं. अण्णा ओरडले नाहीत. "आता ही गल्लीतल्या बायांना वाटून टाक," एवढंच आईला म्हणाले. मग बांधावर बसून त्यांनी त्यातलं एक फूल नाकाशी धरलं.

"लय भारी वास हाय गं."

मला जिंकल्यासारखं वाटलं. वीस वर्षं निशिगंध लावणाऱ्या माणसाने हुंगलेलं ते पहिलं फूल होतं, हे फार उशिरा लक्षात आलं.