काळं चामडं आणि माझी ट्यूबलाइट

भिकननाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो, एका हातात पक्कड आणि दुसऱ्यात पंखा. जन्मभर वायरमनचं काम केलेल्या माणसाने अशी बातमी शिडीवर ऐकू नये. तीन आठवडे झाले त्याला. नानांना दुकानात रडकं तोंड चालत नसे, म्हणून हसत लिहितोय... आणि एक कबुली चारचौघांत द्यायची राहून गेली होती.

नव्वदच्या दशकात सुरतेत, डिंडोलीला नानांचं चामडी बॅगांचं दुकान होतं. माणूस पारोळ्याकडचा, हात सोन्याचे. साड्यांचे नमुने घेऊन फिरणाऱ्या दलालांना काळ्या चामड्याच्या बॅगा लागत. नाना दाराशी बसून कंपासने कडेला रेघ ओढत, दातेरी लोखंडी काट्यावर हातोडी मारून टाक्यांच्या खुणा उमटवत आणि मग एकेका खुणेत आरी घालत. काळ्यावर काळी भोकं! मांडीशेजारी चाळीसचा बल्ब, जमिनीपासून वीतभर वर. मला तो बल्ब बघवेना. मी तेव्हा पंचविशीचा, बमरोलीच्या लूम कारखान्यात नवा वायरमन, म्हणजे साक्षात विजेचा देव. एका रविवारी मी तो बल्ब काढला, नानांना दारातून उठवून खोलीच्या मधोमध बसवलं आणि त्यांच्या डोक्यावर चार फुटी ट्यूब लावली. बटण दाबून असे हात पसरले, जणू सूर्य मीच टांगलाय. "नाना, आता सुईच काय, सुईचं नशीबही दिसेल!"

महिन्याभरात नानांचे टाके वाकडे जायला लागले. आरी खुणेशेजारी पडे, आणि चामड्याला पडलेलं भोक काही बुजत नाही; तुकडाच वाया. खुणा दिसाव्यात म्हणून त्यांनी खडू चोळून पाहिला, तर एक गुजराती दलाल बॅग उलटीसुलटी करत म्हणाला, "आ शुं, नाना? लोटमां पडी'ती के?" पिठात पडली होती का, म्हणे. सगळे हसले, मी सगळ्यात मोठ्याने. नाना हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात नानींनी मला बोलावलं. हत्यारं गोणपाटात बांधलेली. बाहेर फक्त आरी आणि एक अर्धी बॅग. "ही झाली की गावी जातो म्हणतात," नानी म्हणाल्या. पंचेचाळिशीचा माणूस, आणि मान खाली घालून म्हणाला, "मन्हा डोया गयात रे, भो." डोळे गेले, म्हणे.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वीज गेली. दुपार कलली होती. दारातून तिरपं ऊन जमिनीला घासत आत आलं, थेट त्या बॅगेवर. नाना बघत राहिले. मग आरी उचलली. टच्... टच्... टच्... "बठ्ठं दिसस!" ते ओरडले. सगळं दिसतंय! मी गुडघ्यांवर बसून पाहिलं. प्रत्येक खुणेत सावलीचा एकेक तीळ भरला होता. माझ्या उजेडात चामडं वरून नुसतं चकाकायचं आणि खुणा त्या चकाकीत बुडायच्या.

"अहो, मग ट्यूब बंद करून बघायची ना!" मी चिडलोच.

"तू वायरमन शे," नाना म्हणाले. "तूच सांगेल व्हतं का हाऊ उजेड चांगला. मंग खोट मन्हा डोयासनीच ना?"

मी ट्यूब काढायला शिडी शोधू लागलो.

गोणपाट सुटलं. बल्ब पुन्हा मांडीशेजारी आला आणि नानांनी पुढे तीस वर्षं बॅगा शिवल्या. ट्यूब मात्र त्यांनी काढू दिली नाही. कधीही जा, ती लखलखत असायची. इतक्या वर्षांत नळी एकदाच बदलावी लागली, आणि त्याचं श्रेय मी माझ्या हाताच्या गुणाला देत आलो.

परवा नानींना भेटायला गेलो. दुकानात अंधार होता. मला दारात पाहताच त्या उठल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

"नानी, कशाला?"

"त्यास्नी सांगेल शे," त्या म्हणाल्या. "तुम्ही गल्लीत दिसनात का लावानी, गयात का बंद करानी." मी दिसलो की लावायची, गेलो की बंद करायची!

ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. मी तिच्याखाली, मधोमध बसलो. नानी चहा टाकायला गेल्या.