फवारणीची अट

द्राक्षबागेत उडवलेल्या गंधकाचा वास आला की मला दिंडोरीकडच्या एका द्राक्ष निर्यातदाराचा गार, पंख्याखालचा दिवाणखाना आठवतो. विद्यापीठाच्या आरोग्य संशोधन संस्थेसाठी मोठ्या देणग्या मिळवणाऱ्या आमच्या मॅडम मला तिथे घेऊन गेल्या होत्या. मी नवी होते; त्याआधी मजुरांच्या चळवळीची पत्रकं चौकाचौकांत वाटायचे, आणि श्रीमंतांपुढे हात पसरणं मला मुळीच पटत नव्हतं. मालक दिलदार निघाले. वडिलांच्या नावाने प्रयोगशाळेची अख्खी इमारत बांधून द्यायला तयार झाले, बेदाण्यांची वाटी पुढे सरकवली आणि हळूच म्हणाले, "ताई, फवारणीनं मजूर आजारी पडतात का, तो अभ्यास तेवढा सोडा. लय बोभाटा होतो." आमचा तर तोच अभ्यास जागेवाचून अडला होता! मॅडम नुसत्या हसत मान डोलावत राहिल्या. माझं डोकं फिरलं. या आता हो म्हणणार असं धरून मी आमच्याच संस्थेविरुद्धचं पत्रक मनात लिहायला घेतलं. मॅडमनी शांतपणे चहा संपवला. "भाऊसाहेब, तो अभ्यास तर आम्ही करणारच. तुमची इमारत राहू द्या." "एवढ्यावरून?" "एवढ्यावरूनच." इतकं हायसं वाटलं की मला रडूच फुटायचं बाकी होतं. गाडीत बसल्यावर मॅडम माझ्यावर खेकसल्या, "बघत काय बसलीस? दुसरा दाता शोध." आता मोठी देणगी मागायला मीच जाते. अभ्यास कशाचा होणार ते आधीच सांगून टाकते. काही जण तिथेच हात जोडून नकार देतात, आणि मी निवांत मनाने बाहेर पडते.