चार घरांचा सांगावा

परत आलेली डिस्क ते आधी दुकानाच्या दारात नेत, उन्हात तिरकी धरत आणि मगच रजिस्टर उघडत. गोल चरे दिसले की म्हणत, "मधून बाहेर पुसायची. गोल न्हाई. मागं पण सांगितलं हुतं." समोर नगराध्यक्ष असले तरी वाक्य तेच.

अंबाजोगाईत त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. मी त्याच गावात एका पेपरचा वार्ताहर होतो. आमचं कार्यालय शेजारच्या गाळ्यात. त्या सुमारास अधिक स्वच्छ चित्राच्या दोन नव्या डिस्क बाजारात आल्या, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. एकीच्या यंत्रात दुसरी चालत नसे. दोन्हींपैकी एकच टिकणार, असं सगळे म्हणत. कोणती जाणार, ते कोणी सांगत नसे. लायब्ररीवाल्यांनी मुंबईला जाऊन दोन्ही पाहिल्या आणि एचडी डीव्हीडी निवडली.

"हीच का?" मी विचारलं.

"दुसरीचा चित्राचा थर लई वर हाय. आपली माणसं हुरडा खात पिक्चर बघतेत. त्या हाताला ही टिकंल."

तर्क बरोबर होता. दुसरीवर कंपनीने कठीण लेप चढवला होता, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या शब्दावर चार घरांनी ते महाग यंत्र घेतलं.

एका गुरुवारी आमच्या मुख्य कचेरीतून कळलं, की एचडी डीव्हीडी बंद झाली. बातमी रविवारी छापून येणार होती. मी त्यांना सांगितलं.

"पेपरात वाचायच्या आधी त्यांला माझ्या तोंडून कळलं पायजे," ते म्हणाले.

"फोन करा की."

"मयताचा सांगावा फोनवर देतेत का बे?"

त्याच संध्याकाळी ते गावातल्या वकिलांकडे आणि डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर हसले. "अहो, यंत्र चालतंय ना?"

"आज चालतंय. नवी डिस्क येणार न्हाई. माझं चुकलं."

चहा आला, त्यांनी घेतला नाही. मयताची खबर नेणाऱ्याने त्या घरी पाणीही घ्यायचं नाही, अशी त्यांच्या घराण्याची रीत होती.

शुक्रवारी माजलगावला मी बरोबर होतो. तिसरं घर एका मुख्याध्यापकांचं.

"एवढ्यासाठी एसटीनं आलात?"

"तुमी माझ्या शब्दावर घेतलं हुतं, सर."

"मग आता ती दुसरी घेऊ का?"

"ते मला इचारू नका."

शनिवारी सकाळी आम्ही बीडला पोहोचलो. चौथे गिऱ्हाईक कापडाचे व्यापारी. त्यांच्यासमोर आमचाच पेपर उघडा होता. एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली, म्हणून बातमी एक दिवस आधी लागली होती. मला कोणी विचारलं नव्हतं. मीही आदल्या दिवशी कचेरीत फोन करून खात्री केली नव्हती.

"वाचलं मी. बसा," व्यापारी म्हणाले आणि पेपर पुढे केला.

लायब्ररीवाल्यांनी बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. घडी घालून पेपर परत दिला. तिथे त्यांनी चहा घेतला, पूर्ण कप.

नंतर त्यांनी कोणाला काही सुचवलं नाही. कोणता टीव्ही घेऊ, असं विचारलं की म्हणत, "दोन्ही चालतेत." काही वर्षांनी लायब्ररी बंद झाली. पुढे तेही गेले.

मुख्याध्यापक माजलगावहून घरच्यांना भेटायला आले होते. त्यांचं यंत्र अजून चालतं. डिस्क सात आहेत.

"बिघडलं तर आता कुणाला दाखवायचं?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांना परतीच्या गाडीची वेळ सांगितली.